उंबऱ्यावरून दिसणारे पाय

कपातल्या चहावर साय धरली होती. मधोमध एक बारीकशी सुरकुती होती आणि कप हलला तर ती मोडेल, म्हणून वासंती नुसती बघत बसली होती... तिचा पाठ तपासायला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी अर्धाच चहा घेतला. शेरेबुकात ‘कायम करावे’ असं लिहून सही केली, आणि मुख्याध्यापक सबनीस सर त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर. आता हा कप न्यायला सखुबाई येईल.

आपण कायम होणार. तिनं हे वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. तीन वर्षं हंगामी — दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची, दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा सबनीस सरांच्या दारात उभं राहणं, आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आईचं ते रोजचं, ‘काही कळलं का गं?’ आज कळलं. आनंद व्हायला हवा होता. पण दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं झालं होतं. आपलंच काहीतरी आहे, आणि हात लावला तरी समजत नाही.

पाठ अपूर्णांकांचा होता. फळ्यावर भाकरी काढलेली, तिचे चार भाग, मग आठ. सगळं सुरळीत चाललेलं, आणि तिसऱ्या बाकावरच्या मालननं बाकाखाली पाय ओढून घेतले — एकात एक अडकवले. वरून मान डोलावत होती पोरगी. वासंती तिथंच थांबली, भाकरी पुसली, पुन्हा पहिल्यापासून काढली. साहेबांनी नेमकं तेच हेरलं.

“थांबलात कशा तुम्ही? ती मुलगी तर हो म्हणत होती,” चहाचा घोट घेत साहेब म्हणाले. “ही नजर ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, बाई. कुणी घडवली?”

कुणी घडवली... दारात सखुबाई उभी होती, रिकामी थाळी पोटाशी धरून. तिनंच चहा आणला होता. तिचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

“सबनीस सरांचं मार्गदर्शन,” वासंती म्हणाली.

सबनीस सरांनी नम्रपणे मान खाली घातली. हजेरीचा आकडा विचारण्यापलीकडे तीन वर्षांत ते या वर्गात आले नव्हते.

मी खोटं बोलले का? सगळेच असं बोलतात. साहेबांसमोर काय सांगायचं — शाळेची शिपाईण, जिला अक्षर येत नाही, तिनं मला शिकवायला शिकवलं? साहेब हसले असते. सरांना लागलं असतं आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज... सगळं बरोबर आहे. तरी जीभ इतकी सहज कशी वळली, विचारसुद्धा न करता?

एकावन्न साल. पहिलाच महिना. वर्ग कसा चिडीचूप बसला होता आणि वासंती स्वतःवर खूश होती. सखुबाई पाण्याची घागर भरून उंबऱ्यावर टेकली होती. शीळफाट्याच्या वाटेवरच्या गावातून रोज चालत यायची, म्हणून दुपारी अशी घटकाभर टेकायची. घंटा झाल्यावर तिनं बोलावलं.

“बाय, पोरां भियाली व्हती.”

“काय?”

“समाजला का पाय हलतान. कुणी बोटां हलवतंय, कुणी टाच आपटतंय. तुझ्या पोरांचं पाय सगलं आवळलेलं. मना हितशी पायच दिसतान.”

राग आला होता तेव्हा. शिपाईण, आणि अरेतुरे करते, आणि वर पाठावर बोलते! पण दुसऱ्या दिवशी काहीतरी पडल्याचं निमित्त करून वासंती वाकली, आणि बाकांखाली चाळीस पोरांचे पाय, आवळलेले... तेव्हापासून सखुबाईचं रोजचं ठरलेलं. घंटा झाली की उंबऱ्यावरून निकाल. “आज मागची पोरां व्हती कुठं?” “आज घाई केलीस गो.” बाकीच्या शिक्षकांना ती एकच वाक्य म्हणायची, “बरा जाला,” आणि भांडी उचलून चालू लागायची. कुणी तिच्याशी भांडायला जात नसे, आणि तीही कुणाशी खरं बोलायला जात नसे. ते फक्त वासंतीशी. शिक्षिका म्हणून मी जी काही आहे ती या बाईमुळे आहे, हे वासंतीला पक्कं ठाऊक होतं. आईला तिनं कितीदा तसं सांगितलंही होतं. सखुबाईला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला काय, रोज भेटतेच की — असं वाटत राहिलं.

पावलं वाजली.

सखुबाई आत आली. उंबऱ्यावर टेकली नाही. वासंतीनं तोंड उघडलं. आता म्हणायचं, सखुबाई, मघाशी मी... डोकं स्वच्छ पुसलेल्या फळ्यासारखं.

“पाठ कसा झाला, सखुबाई?” एवढंच आलं.

सखुबाईची नजर सवयीनं खाली गेली — टेबलाखाली — आणि तिथं थोडा वेळ थांबली. मग तिनं कप उचलला. साय मोडली.

“बरा जाला,” ती म्हणाली. “साहेब खूश हाय.”

आणि ती गेली. रागानं म्हणाली की दया येऊन, वासंतीला समजेना. आवाज रोजचाच होता, चालही रोजचीच.

बाहेर घंटा झाली. पोरं दाराशी गोळा होऊ लागली. वासंतीनं खडू पडल्यासारखं केलं आणि वाकून टेबलाखाली पाहिलं — तिचे स्वतःचे पाय खुर्चीखाली ओढलेले होते, घोटा घोट्यात अडकवलेला, बोटं चपलेत घट्ट रुतलेली. किती वेळ असे होते कोण जाणे. सखुबाईनं पाहिले ते हेच. वासंतीनं ते सोडवायचा प्रयत्न केला. पोरं बाकांवर बसली, सगळी तिच्याकडे बघू लागली, आणि ती अजून वाकलेलीच होती... पाय तिचं ऐकत नव्हते. पण दुखू लागले होते, एवढं तिला आता कळत होतं.