दोनशे चौतीस किलो

पुस्तकात खूण म्हणून घातलेली पाटी एकशे बाराव्या पानाशी होती, म्हणजे काल आपण तिथवर आलो, की परवाच आलो होतो आणि काल नुसतंच पुस्तक उघडून बसलो होतो, हे त्याला आठवेना. बोटभर लांबीची, दोन बोटं रुंद, ॲल्युमिनियमची पाटी; चार कोपऱ्यांना चार भोकं, त्यांतल्या एकात रिव्हेटचं डोकं अजून अडकलेलं. ठोकून उमटवलेले आकडे अंगठ्याला लागायचे. रिकाम्या विमानाचं वजन, ४६५० किलो. खाली, फार बारीक, वजन करणाऱ्याची आद्याक्षरं... ती वाचायला गिल्दो मेन्तास्तीला चष्मा लागत नसे, कारण ती त्याचीच होती.

किती हलकी आहे, असं त्याला पुन्हा एकदा वाटलं. पान दुमडत नाही, वाकत नाही, खूण म्हणून यापेक्षा बरं काही मिळायचं नाही. एकोणचाळीस साली दुरुस्तीला आलेल्या एका विमानावरून निघालेली ती पाटी तेरा वर्षं या पुस्तकातून त्या पुस्तकात जात होती. आज ती बाई येणार होती.

"चारच्या बोटीने ना?" स्वयंपाकघरातून त्याच्या बहिणीने, एर्सिलियाने विचारलं. ती चेस्टनटना सुरीने चिरा पाडत बसली होती. प्रत्येक चिरेचा एक लहानसा आवाज यायचा.

"चारच्या."

"म्हणून दाढी घोटलीस होय. ईस्टरलासुद्धा एवढी गुळगुळीत नव्हती केलीस." मग थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून, "तिला काय ते सरळ सांगून टाक, गिल्दो. पत्रासारखं नको करूस."

पत्र. सप्टेंबरात फुल्विया चेरुत्ती या बाईचं पत्र आलं होतं, तळ्यापलीकडच्या गावाहून. विमानांच्या कारखान्याच्या जुन्या कामगारांच्या मंडळाकडून तिला त्याचा पत्ता मिळाला होता. तिचा भाऊ रुज्जेरो लिबियात त्या कारखान्याच्या 'राजहंस' विमानावर वैमानिक होता. १९४० च्या सप्टेंबरात तो बाँब घेऊन उडाला, अर्ध्या वाटेवरून परत फिरला, बाँब वाळूत टाकून उतरला, आणि त्याच्या कागदावर 'धैर्याचा अभाव' असं लिहिलं गेलं. त्याला विमानावरून काढून कोठारावर बसवलं. थंडीत इंग्रजांनी त्याला पकडलं. पुढे बेचाळीस साली हिंदुस्थानात, भोपाळजवळच्या छावणीत तो तापाने गेला. गावातल्या युद्धस्मारकावर चौदा नावं आहेत, तिने लिहिलं होतं, त्याचं नाही. समिती म्हणते, परत फिरलेल्याचं नाव कसं घालायचं. चार नोव्हेंबरला दगडावर नवी नावं कोरणार आहेत. विमानातच दोष होता असं कारखान्यातल्या कुणा माणसाने लिहून दिलं तर ते ऐकतील. आई ब्याऐंशी वर्षांची आहे.

त्याने उत्तर लिहिलं होतं. पाकीट चिकटवण्याआधी एर्सिलियाने ते वाचलं आणि म्हणाली, "एका पानात चार वेळा 'कदाचित'. ती बिचारी काय घेऊन जाणार समितीपुढे?" तरी त्याने ते तसंच पाठवलं. आणि बाईने उलट लिहिलं, मी स्वतःच येते.

त्याने पाटी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. खिसा जराही ओढला गेला नाही.

...सदतीसचा एप्रिल. गावात अर्धा दिवस सुट्टी होती, बँड होता, आणि राजहंस तळ्यावरून इतक्या वेगाने गेला की त्याचा आवाज त्याच्यामागून धावत आला. त्या वर्षीचा वेगाचा विक्रम. पण तो पहिला राजहंस नुसताच राजहंस होता. त्यात बंदुका नव्हत्या, बाँब नव्हते, रेडिओ नव्हता, पेट्रोलही फेरीपुरतं. आणि अंगावर एक सांधा दिसत नव्हता. रंगकामाचा मुकादम अक्विलिनो मोल्तेनी, त्याच्या माणसांनी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेलं लुकण प्रत्येक जोडात भरलं, पॉलिश कागदाने घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं, सात आठवडे. वर रोगणाचे हात. अक्विलिनोचं घराणं कांतू गावचं, तीन पिढ्या कपाटं आणि साइडबोर्ड करणारं. त्याला उघडा सांधा दिसला की तो उघड्या जखमेकडे पाहावं तसा पाहायचा. मी त्या विमानावर हात फिरवला होता. मला अजून तळहाताला कळतं ते.

मग हवाईदलाने शंभरावर राजहंस मागवले. बंदुका आल्या, रेडिओ आला, बाँबचा कप्पा आला, मागे दुसरा माणूस आला. ते सगळं मोजलेलं होतं, वहीत होतं, गिल्दोच्याच अक्षरात. लुकण मात्र... बाँब टाकायच्या विमानाला एवढं लुकण लागत नाही, असं आराखड्यावर लिहिलेलं होतं. एक हात, जोडापुरतं. पण अक्विलिनोच्या माणसांना ते जमेना. विक्रमाचं विमान ज्या हातांनी केलं, त्या हातांनी खडबडीत विमान दारातून बाहेर सोडायचं? शेजारच्या टोळीने आपल्यापेक्षा जास्त चकचकीत केलं तर? कुणी हुकूम दिला नव्हता. कुणी लपवूनही केलं नव्हतं. एकेक माणूस एकेक हात जास्त देत होता, बस.

आणि काटा सुतारांच्या दालनात होता.

त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात साधी गोष्ट होती, आणि तीच त्याला कधी कुणाला सांगता आली नव्हती. जमिनीत बसवलेला मोठा काटा सुतारकामाच्या दालनात होता, आणि रंगाचं नवं दालन रस्त्यापलीकडे. पहिल्या विमानाचं लुकण सुतारांच्याच दालनात झालं होतं, त्यामुळे त्याचं वजन सगळं होऊन गेल्यावर झालं. पुढची विमानं सुतारांकडून काट्यावर आली, तिथेच वजन झालं, पाटी ठोकली गेली, आणि मग ती रस्ता ओलांडून अक्विलिनोकडे गेली. परत काट्यावर आणायचं तर रस्ता अडवावा लागे. कुणी आणलं नाही. मी आणलं नाही.

एकदाच आलं. एकोणचाळीसचा फेब्रुवारी, एका विमानाचं पंखाचं टोक फाटकाला लागून मोडलं म्हणून ते सुतारांकडे दुरुस्तीला आलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं आणि विमान नेमकं काट्यावर उभं होतं. त्याने सहज पाहिलं. पाटीवरच्या आकड्यापेक्षा दोनशे चौतीस किलो जास्त. त्याला पहिल्यांदा काय वाटलं? विमान जड आहे असं नाही वाटलं. आपण चुकलो असं वाटलं. त्याने पुन्हा वजन केलं. मग काट्याच्या मिस्त्रीला बोलावून काटा उघडून घेतला. मिस्त्री म्हणाला, काट्याला काय धाड भरलीय, तुमचंच डोकं तपासा. तिसऱ्यांदाही दोनशे चौतीस.

इंजिनिअर आपल्या खोलीत उभ्याउभ्या कॉफी पीत होता. गिल्दोने सांगितलं. इंजिनिअरने कप खाली ठेवला नाही. तो रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, अठ्ठावीस विमानं गेली आहेत, पाट्या ठोकलेल्या आहेत, मला सगळं थांबवावं लागेल. "तुम्हाला खात्री आहे, मेन्तास्ती?"

आणि मी म्हणालो... कदाचित हवेतला ओलावा असेल, साहेब. कदाचित लाकडाने पाणी धरलं असेल.

"बघा बुवा," इंजिनिअर म्हणाला, आणि कॉफी संपवली.

तिन्ही वेळा तोच आकडा आला होता. मला खात्री होती. पण खात्री आहे का असं कुणी विचारलं की ती जाते, लहानपणापासून. शाळेत बरोबर उत्तर पाटीवर लिहून पुसणारा मुलगा होतो मी.

आज बारा वाजता गिल्दो खानावळीत गेला. मक्याच्या पिठाची पोलेंता खाल्ली, थोडी वाइन घेतली. अक्विलिनो खिडकीजवळ पत्ते पिसत एकटाच बसला होता. बोटांच्या पेरांत पांढरं अजून दिसायचं, की तसं गिल्दोला वाटायचं.

"आज चेरुत्तीची बहीण येते आहे," गिल्दो म्हणाला. "राजहंसाबद्दल विचारायला."

"ये म्हणावं. सांग तिला, असं विमान परत झालं नाही."

"तिचा भाऊ लिबियातून परत फिरला होता. विमान दोनशे मीटरच्या वर जाईना. वळेना."

"वाळू," अक्विलिनो म्हणाला. "वाळू येऊ नये म्हणून इंजिनाला जाळ्या बसवल्या, इंजिनाचा श्वास कोंडला. सगळ्यांना माहीत आहे. यात आपला काय संबंध?"

गिल्दोने पाव मोडला. एवढा वेळ मनात जमवून आणलेलं वाक्य पावाच्या तुकड्यांसारखं सांडलं. तो म्हणाला, "लुकणसुद्धा थोडं जास्त..."

अक्विलिनो मनापासून हसला. "लुकणाने विमान जड होतं? मग पावडरीने बाई जड होते म्हण." आणि पत्ते खाली ठेवून, पुढे झुकून, जणू हे आजवर सांगायचं राहिलं होतं अशा आवाजात म्हणाला, "माझा पुतण्या होता ना तिकडे, मेकॅनिक. राजहंस उडवायचं बंद केल्यावर त्यांनी इंजिनं काढून घेतली आणि नुसत्या कुड्या मैदानाच्या कडेला मांडून ठेवल्या, वरून दिसतील अशा. तीनदा येऊन बाँब टाकले इंग्रजांनी त्यांच्यावर. तीनदा. बाजूला खरी विमानं झाकलेली, त्यांना ओरखडा नाही. आता तूच सांग, काम चांगलं नसतं तर फसले असते का?"

तो खरंच सुखी दिसत होता. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम वाळूत उभं राहून बाँब खात होतं, आणि तो सुखी होता, आणि त्या सुखाला हात लावायचा अधिकार वजनकाट्याच्या कारकुनाला कुणी दिला? गिल्दोने त्याच्या ग्लासात वाइन ओतली. दोघांनी एक डाव खेळला. गिल्दो हरला.

धक्क्याकडे जाताना तो सावकाश चालला. तळं स्थिर होतं. पलीकडच्या डोंगरावर ऊन, अलीकडे सावली. त्याने नेहमीचं गणित पुन्हा केलं. चाळीस अंश सेल्सिअसची हवा, जाळ्या बसवलेली इंजिनं, मऊ धावपट्टी. त्यातून दोनशे चौतीस वजा केले तर राजहंस चढला असता का? वहीच्या मागच्या पानांवर हे गणित त्याने किती वेळा केलं होतं... कधी उत्तर येई, थोडासा चढला असता, निदान वळला असता. कधी येई, काहीच फरक पडला नसता. या दुसऱ्या उत्तरावर तो काही वर्षं राहिला होता, भाड्याच्या घरात राहावं तसा. पण गणित काही असो, तो वैमानिक अशाच एका पाटीवर हात ठेवून बसला होता. पाटीवर ४६५०. त्यावरून त्याने पेट्रोल ठरवलं, बाँब ठरवले. विमान वर जाईना तेव्हा त्या आकड्याने त्याला सांगितलं असेल, मी बरोबर आहे, तूच कुठेतरी चुकतोयस. त्याने स्वतःवरच संशय घेतला असेल.

हे मात्र आज पहिल्यांदाच सुचलं. तो धक्क्यावर थांबला. दोन माणसं, एक काट्याजवळ, एक वाळवंटावर, एकमेकांना कधी न पाहिलेली, आणि दोघं एकच गोष्ट मनाशी म्हणत असलेली: माझंच चुकत असेल. फरक एवढाच की वैमानिकाने बाँब टाकून दिले आणि परत फिरला. त्याने आपल्या हातांना जे कळलं त्यावर विश्वास ठेवला. 'धैर्याचा अभाव', आणि खाली कुणाची तरी सही.

बोट आली. उतरलेल्या पाच-सहा जणांत तिला ओळखायला कष्ट पडले नाहीत. पंचेचाळिशीची, करडा कोट, हातात दोरीने बांधलेला मिठाईचा खोका, आणि डोळ्यांत पाहुणी म्हणून आलेल्या माणसाचा संकोच. तो तिच्याहून जास्त संकोचला. धक्क्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात, बाहेरच्या टेबलाशी ते बसले. पाच वीसची बोट परतीची, तिने आधीच सांगून टाकलं, त्याला धीर यावा म्हणूनच की काय. खोका त्याच्या बहिणीसाठी होता.

तिने पर्समधून एक फोटो काढला. रुज्जेरो चेरुत्ती विमानाच्या पंखाला टेकून उभा होता, बाह्या वर केलेल्या, उजवा तळहात पंखावर पसरलेला.

"त्याने लिहिलं होतं," ती म्हणाली, "की हे इतकं गुळगुळीत आहे की घरच्या साइडबोर्डची आठवण येते. आईने ते वाक्य किती दिवस सगळ्यांना वाचून दाखवलं."

गिल्दोने फोटोतल्या तळहाताकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या तळहाताला ते कळलं. मग त्याने आतल्या खिशातून पाटी काढून टेबलावर, फोटोशेजारी ठेवली. तिने ती उचलली, उलटसुलट पाहिली, आणि अशी गोष्ट हातात आल्यावर माणूस म्हणेल तेच म्हणाली, "किती हलकी आहे."

दुकानाच्या मालकाने कॉफी आणून ठेवली. ती साखर ढवळत राहिली, विरघळून गेल्यावरही.

"मी खूप लांबून काही मागायला आले आहे असं समजू नका, मेन्तास्तीसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या पत्रावरून मला वाटलं, तुम्हालाही त्रास होत असेल. मला फक्त एवढंच सांगा. विमानातच काहीतरी होतं... याची खात्री आहे तुम्हाला?"

तोच प्रश्न. आवाज वेगळा, कप टेबलावर, आणि विचारणाऱ्याला उत्तर हवं असलेलं. त्याला वाटलं होतं, आता ती खात्री पुन्हा जाईल. तो वाट पाहत राहिला. अक्विलिनोचा हसरा चेहरा आला आणि गेला नाही, तिथेच राहिला, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्यासारखा. लागणार होतं त्याला. मलाही. 'विमानात दोष होता' हे वाक्य त्याने सकाळपासून कितीदा जुळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्यात कुणी माणूस नव्हता, आणि मनातल्या मनातही ते कधी शेवटापर्यंत गेलं नव्हतं.

"काटा सुतारांच्या दालनात होता," गिल्दो म्हणाला.

ती ढवळायची थांबली. तिला काही कळलं नव्हतं, आणि तिला काही कळलं नाही हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्याला घाई झाली नाही. पाच वीसला अजून बराच वेळ होता. रस्ता होता, रस्त्यापलीकडचं दालन होतं, खडू आणि जवसाचा वास होता, फेब्रुवारीतली एक दुपार होती, एक कॉफीचा कप होता; एकामागून एक सगळं जागच्या जागी उभं होतं, जणू इतकी वर्षं कुणीतरी दार उघडायची वाट पाहत. ती ऐकून काय म्हणेल, पाटी टेबलावर ठेवून उठेल, की लिहून द्या म्हणेल, हे त्याला माहीत नव्हतं. पुढचं वाक्य कोणतं, हे मात्र माहीत होतं. त्याने आपला कप उचलला, तो अजून गरम आहे का ते पाहिलं, आणि परत खाली ठेवला.