पाढ्यातला थांबा

मध्यभारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि लष्कर भागातल्या शाळेचा मराठी वर्ग बंद पडला. शामलाबाईंच्या वाट्याला हिंदी दुसरीचा वर्ग आला. हिंदीचं काय, दाल बाजारात त्या घासाघीस करीत ती हिंदीतच. पण पाढे? पाढे हाडांत मुरलेले असतात हो, ते सरकारी हुकमानं थोडेच बदलतात! "तीन सत्ते" म्हणून झालं की बाई छताकडे बघत, ओठांतल्या ओठांत मराठी पाढा वरपासून म्हणत आणि मग सांगत, "इक्कीस."

मुलांना त्या थांब्याचं भारी कुतूहल. "बाईजी ऊपर किससे पूछती हैं?" बाई लाजून म्हणत, "तुम भी सोचो." झालं, मुलंही पाढ्यात थांबू लागली, छताकडे बघू लागली.

इन्स्पेक्टर आले तेव्हा बाईंना एकच भीती होती. शेरा वाईट पडला तर बदली दूर खेड्यात, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली.

"तीन सत्ते?" साहेबांनी रामकलीला विचारलं.

रामकली थांबली. तिनं छताकडे पाहिलं. संपलं सगळं, बाईंना वाटलं.

"इक्कीस."

"बीच में रुकी क्यों?"

"गिन रही थी. एक उँगली में तीन पोर. सात उँगली, इक्कीस. बाईजी भी यही करती हैं."

"अंगूठे में तो दो ही हैं?"

"अंगूठा तो गिनता है!"

"और तीन नम्मे? नौ उँगली कहाँ से लाओगी?"

"तब बगल वाली मुन्नी की एक उँगली लेती हूँ."

साहेब आपलीच पेरं चाचपू लागले. "वाह! आपने सिखाया?"

नुसतं 'हो' म्हटलं की बाई सुटत होत्या. पण पोरीची अक्कल आपल्या नावावर घ्यायची?

"नहीं साहब, इसी ने निकाला. मैं तो मन में मराठी पहाड़ा बोलती हूँ. हिंदी का मुझे आता नहीं."

"तो यहीं रहिए, और इनसे सीखिए," साहेब म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे गेले.

रामकली मात्र रुसली होती. "इतने दिन छुपाया! अब ज़ोर से बोलिए."

"तीन एके तीन," बाईंनी सुरुवात केली. समोर चिमुकले अंगठे एकेका पेरावरून सरकू लागले.