बारीक रेषांची खुर्ची

मालकांच्या सासूबाईंची खुर्ची परत आली, आणि बोलणी खावी लागली ड्रॉइंगबाईंना. खुर्चीचे हात टेबलाखाली जाईनात. बाई कारखान्याच्या माडीवर बसून ड्रॉइंगं काढत आणि खाली शेडमध्ये त्यांचे यजमान फोरमन होते. कागदावरचं माप बरोबरच होतं. हात उंच केले होते यजमानांनी, आपल्या मनाने.

घरी गेल्यावर बाईंनी भाजी चिरता चिरता ऐकवलं, "अहो, ड्रॉइंगमध्ये जे आहे तेच करत जा. आपलं डोकं चालवू नका."

फोरमनना ते लागलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "जे आहे ते सगळं करीन."

त्या 'सगळं'कडे बाईंचं लक्ष गेलं नाही.

नवी खुर्ची शेडबाहेर काढायला दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्या लागल्या. मापात ती अगदी काटेकोर होती. पण ड्रॉइंगमध्ये माप दाखवायला ज्या बारीक रेषा असतात, त्याही होत्या. लोखंडी सळयांच्या, दोन्ही टोकांना बाण, मध्ये पत्र्यातून कापलेले आकडे. मधोमध मध्यरेषा उभी होती. एक तुकडा लांब, एक आखूड, पुन्हा लांब, असे सगळे न दिसणाऱ्या दोऱ्यात ओवलेले. बैठकीखालची आडवी पट्टी समोरून दिसत नाही म्हणून बाईंनी ती तुटक रेषेने दाखवली होती. फोरमननी ती तुकड्यातुकड्यांचीच केली होती, आतून तार घालून. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते ती नावाची चौकट बाजूला वेल्ड केलेली होती. 'रेखाटन'पुढे बाईंची सही, पितळेची. 'तपासणी'पुढची जागा कागदावर रिकामी होती, म्हणून तिथे भोक.

मालकांनी विचारलं की ड्रॉइंगमध्ये समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन खुर्च्या दिसतात, मग एकच का केली? विचारण्यात टोमणा होता. फोरमननी शांतपणे सांगितलं, "माल संपला."

घरीही तीच तऱ्हा. बाईंनी अर्धा कप चहा मागितला, की अर्धा म्हणजे नक्की कुठपर्यंत, असं ते विचारत. पडदा जरा सरकवा म्हटलं, तर जरा म्हणजे किती, आणि थोडं कमीजास्त झालं तर किती चालेल, हे सांगेपर्यंत पडदा हातात धरून उभे राहत. बाई चिडल्या, अबोला धरून बघितला, पण अबोल्यात तर काही मापच नव्हतं, त्यामुळे फोरमन नुसते बसून राहिले. कधी कधी बाईंना हसू फुटे. मग त्या आतल्या खोलीत जाऊन हसून येत आणि पुन्हा तोंड फुगवून बसत.

मालक ती खुर्ची भंगारात काढणार, तेवढ्यात सासूबाईच आल्या आणि तिच्यात बसल्या. काठी त्यांनी उंचीच्या रेषेला अडकवली, पिशवी रुंदीच्या बाणाला. चष्मा तपासणीच्या भोकात खोचला. उठताना उंचीची सळई धरून उठल्या, कुणाचा हात न घेता. मग जावयांना म्हणाल्या, "जन्मभर सगळे मला म्हणत आले, जरा सरकून बसा. माझी जागा किती, हे पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलंय."

बघता बघता त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना तशीच खुर्ची हवी झाली. मालकांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी बाईंकडे ड्रॉइंग मागितलं.

बाई काढायला बसल्या. खुर्ची काढली, सळया काढल्या. सळयांची मापं दाखवायला नव्या बारीक रेषा काढल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की यजमान ह्याही करणार. मग ह्यांची मापं आली. मग त्या मापांची मापं. कागद पुरेना म्हणून दुसरा जोडला, त्याला तिसरा. खुर्ची मध्ये कुठेतरी मुंगीएवढी उरली.

शेवटी ते भेंडोळं काखेत मारून त्या शेडमध्ये उतरल्या. फोरमन मशीन बंद करेपर्यंत उभ्या राहिल्या.

"जाड रेषा करायची असते," त्या म्हणाल्या. "बारीक रेषा नुसती बघायची असते. हे तुम्हाला काय माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

फोरमननी हात पुसले. "मालकांच्या सासूबाईंना खुर्चीतून उठता येईना. मी बघितलं होतं. म्हणून हात उंच केले. तुझ्या कागदाला गुडघे नसतात."

"मला सांगायचं ना. मी गुडघेही काढले असते."

फोरमननी भेंडोळं बाईंच्या काखेतून काढून घेतलं. कागद शेडच्या जमिनीवर पसरला आणि दोघं दोन बाजूंना मांडी घालून बसले. कुठली बारीक रेषा आता जाड करायची आणि कुठली बारीकच ठेवायची, एवढंच ठरवायचं होतं. उंचीच्या रेषेवर लगेच जमलं. मध्यरेषेवर मात्र बिनसलं. ती मुळात नसतेच, जी नाही ती लोकांना विकायची कशी, असं बाईंचं म्हणणं. तिच्यावाचून खुर्ची ओकीबोकी दिसते, असं फोरमनचं. आवाज चढले तसे मालक काय झालं म्हणून बघायला आत आले. दोघांनी एकदमच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं; ते नेमके कागदावरच्या बैठकीवर उभे होते.