घोंगडीतली गिटार

मंगळवार, ११ ऑगस्ट १९९२. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आदिलाबादच्या बाजारात, चंपतच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, देवाजीने आपल्या गिटारमधले दोन्ही पिकअप काढायला लावले.

काम अर्ध्या तासाचं होतं. चंपतने आधी सहाही तारा उतरवल्या, मग स्क्रू सोडले, मग सोल्डरचे सांधे वितळवून वायरी सोडवल्या. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी काड्यापेटीहून थोडी मोठी डबी. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ती थरथर इथे पकडली जाते आणि वायरीतून स्पीकरपर्यंत जाते. देवाजीच्या मते त्याच्या गिटारचा रोग याच दोन डब्यांत होता. पाच वर्षं तो हे प्रत्येकाला सांगत आला होता.

"चुंबक म्हातारं झालं," तो आताही म्हणाला. "माणसाचा आवाज नाई का बसत?"

चंपतने टॉर्च पेटवली आणि गिटारच्या पोटात पाहिलं. गिटार अर्धी पोकळ. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी आणि वर नागमोडी दोन फटी. चंपत जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग त्याने टॉर्च विझवली.

"अबे, सरकीचं गोदाम केलं तू हिच्या पोटात," तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला. चहावाला समोरच होता. एरवी चंपत त्याला बसल्या जागेवरून हाक मारायचा.

कापूस आत होता हे खरं. 'पैनगंगा ऑर्केस्ट्रा'च्या तालमीची खोली कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होती. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कापसाचे तंतू उडत राहायचे. ते तबल्यावर, गाणारीच्या केसांत, गिटारच्या फटींत जाऊन बसायचे. देवाजी पंधरा वर्षं त्या खोलीत वाजवत होता. गावाबाहेर त्याचा भाजीचा मळा होता, बाजारात भाजीचं दुकान बायको सोजर सांभाळायची. पण बाजारात देवाजी तीन होते. एक लोहार, एक वजनकाट्यावरचा आणि एक गिटारवाला. पत्ता विचारणाऱ्याला लोक एवढंच विचारायचे, "गिटारवाला का?"

ते नाव आता जायची वेळ आली होती. ऑर्केस्ट्राचे मालक यशवंतराव यांनी जुलैत एक जपानी की-बोर्ड आणला आणि तो वाजवायला नांदेडहून अमृत नावाचा माणूस आणला. अमृत तिशीचा, पॉलिटेक्निक झालेला. त्याने एक बटण दाबून बासरी काढली, दुसरं दाबून व्हायोलिन काढलं, तिसरं दाबून गिटार काढली. ती गिटार खोलीच्या कोपऱ्यापर्यंत खणखणली. मग देवाजीने आपली छेडली. घोंगडी पांघरून कोणी बोलावं तशी ती वाजली.

यशवंतराव वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी फक्त मुदत दिली. "देवाजी, दसऱ्यापर्यंत पाह्य. तुही गिटार मागच्या रांगेत ऐकू आली, त तू हायेस. नाई त माह्या मंचावर दोन गिटारी कायले पाह्यजेत?"

ही गिटार नेहमी अशी नव्हती. १९८३ साली देवाजीने ती सिकंदराबादच्या एका गृहस्थाकडून घेतली होती. तो रेल्वेच्या क्लबात वाजवायचा आणि देश सोडून चालला होता. तेव्हा ती पितळी घागरीवर नाणं पडल्यासारखी वाजायची. १९८७ च्या फेब्रुवारीत तिचा आवाज बसला. त्याच आठवड्यात यशवंतरावांनी नवा अॅम्प्लिफायर आणला होता, म्हणून सगळ्यांनी आधी त्यालाच दोष दिला. मग तारांना दिला. मग आदिलाबादच्या हवेला. शेवटी देवाजीने चुंबकाचं वय काढलं आणि ते सगळ्यांना पटलं, कारण ते कोणालाच तपासता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती. आवाज कमीजास्त करायची कळ कापसाने खरखरत होती, ती चंपतने बदलून दिली होती. दहा मिनिटांचं काम. चंपतने पैसे घेतले नव्हते. ती गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही.

गुरुवारी देवाजी सकाळच्या बसने सिकंदराबादला, गिटारींच्या एका दुकानात पिकअप दाखवायला निघाला. दोन्ही पिकअप त्याने सोजरच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पिशवीत ठेवले होते. गिटार घरी ठेवली होती, कारण निर्मळच्या घाटात बसच्या टपावर तिची मान मोडली असती.

"गिटार आजारी, अन् पथ्य मी पाळून राह्यले," सोजर भाकरी बांधून देताना म्हणाली. "येताना आवाज उजळून आणा. नाई त तुमीच उजळून या."

त्या दुकानात सगळ्या भिंतींवर गिटारी टांगलेल्या होत्या. मालक म्हातारा होता, डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग कपाळावर चढवलेलं. त्याने लुगड्याचा तुकडा उलगडला, एक पिकअप उचलला, मागची अक्षरं वाचली. मीटरच्या दोन काड्या लावून पाहिल्या. दुसराही तसाच पाहिला.

"क्या तकलीफ है इनको?"

"आवाज में अंधेरा है," देवाजी म्हणाला. हे वाक्य त्याने बसमध्ये तयार केलं होतं.

"इनमें अंधेरा नहीं है मियाँ. ये तो अच्छी चीज है. गिटार किधर है?"

"घर पे."

म्हातारा हसला. "बीमार को घर छोड़ के उसकी जबान लेके आए हकीम के पास?" मग हसू आवरून त्याने विचारलं, "अंदर की वायरिंग किसी ने देखी?"

इथे देवाजीला राग आला. गावातला माणूस शहरात आला की त्याच्या गावातल्या मेकॅनिकला अडाणी समजतात, हा अनुभव त्याला नवा नव्हता. "हमारा चंपत है," तो म्हणाला. "उसके जैसा हाथ तुम्हारे हैदराबाद में नहीं मिलेगा. सब देखा है उसने."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि विषय सोडला. त्याने काउंटरवर तीन जोड्या मांडल्या. पहिली जुन्यांसारखीच, जरा कमी वेढ्यांची. तिचा आवाज थोडा मोकळा होता, तोही वेळ देऊन ऐकणाऱ्यालाच कळेल असा. दुसरी एकेरी वेढ्याची. ती खूप साफ वाजायची, पण ट्यूबलाइट किंवा जनरेटर जवळ असला की सतत गुणगुणायची. गणपतीच्या मांडवात या दोन्ही वस्तू असतातच. तिसरीत खाली रुंद, कडक चुंबक. म्हाताऱ्याने ती एका टेबलावरच्या गिटारला लावून वाजवून दाखवली. बाहेर रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं.

"सबसे उजाला इसी में," म्हातारा म्हणाला. "मगर ये मिर्ची है. खाली मिर्ची कौन खाता? मेरी मानो तो पहलावाला लो."

देवाजीच्या डोळ्यांपुढे मागची रांग होती. पाच वर्षांची घोंगडी फाडायची तर थोड्या फरकाने काय होणार? त्याने मिरची घेतली. जुनी जोडी देऊन नवी न्यावी, असा सौदा ठरला. म्हाताऱ्याने जुने पिकअप लुगड्याच्या तुकड्यासकट ड्रॉवरमध्ये ठेवले. तो तुकडा परत मागायचं देवाजीच्या लक्षात राहिलं नाही. घरी आल्यावर सोजरने त्यावरून दोन दिवस ऐकवलं.

चंपतने नवे पिकअप बसवून दिले. या वेळी तो एकही विनोद बोलला नाही.

२ सप्टेंबरला उटनूरला गणपतीचा कार्यक्रम झाला. मिरची वाजली, पण घोंगडीतूनच वाजली. आधीपेक्षा थोडं जास्त ऐकू आलं, एवढंच. मध्यंतरात यशवंतराव मंचामागे आले. त्यांनी देवाजीला पानपुडीतलं अर्धं पान दिलं. हे ते सहसा कोणाला देत नसत.

४ सप्टेंबरला, शुक्रवारी, तालमीच्या खोलीत अमृतने गिटार मागितली. "काका, बघू का जरा?" त्याने पेन्सिलला आरसा बांधून तो फटीतून आत सरकवला आणि टॉर्च मारली. कळीच्या बुडावरची अक्षरं त्याने मोठ्याने वाचली. मग गोंधळून वर पाहिलं.

"काका, ही ट्रान्झिस्टरची कळ आहे. पाच किलो-ओहमची. इथे पाचशेची हवी. पिकअपचा सगळा उजेड ही कळच खाऊन टाकते. कोणताही पिकअप लावा, तो असाच वाजणार. कुणी बसवली?"

खोलीत सहा माणसं होती. अमृत सोडून बाकी पाचांना ते आता आठवलं. तबलजीने हातोडी घेऊन आधीच सुरात असलेला तबला पुन्हा ठोकायला सुरुवात केली.

देवाजी गिटार घेऊन चालत बाजारात गेला. चंपत एका टेपरेकॉर्डरवर वाकलेला होता. त्याने गिटार पाहिली, देवाजीचा चेहरा पाहिला आणि कावीळ झालेल्या माणसासारखा पिवळा पडला.

"तुले म्हाईत होतं," देवाजी म्हणाला.

"तवा नव्हतं. आई शप्पथ. कळ खरखरून राह्यली होती, मेलेल्या ट्रान्झिस्टरमधली काढून बसवली. रेडिओत चालते त गिटारीत काऊन नाई चालणार, असं वाटलं मले."

"अन् टॉर्च मारली तवा?"

चंपतने हातातला पेचकस खाली ठेवला.

"तवा समजलं."

"मंग बोलला काऊन नाई? मी हैदराबादले जाऊन राह्यलो होतो, बे! माह्ये पिकअप मी देऊन आलो!"

"कसा बोलू?" चंपतचा आवाज चढला. "पाच वर्षं तू समद्या बाजारात सांगत फिरला, चंपत हाय म्हणून गिटार जित्ती हाय. गिऱ्हाईक येते त तुह्यं नाव सांगून येते. मी त्याईले काय सांगू, का मीच मारली म्हणून? म्या म्हटलं, नवे पिकअप येतीन, आवाज उजळंन, कोणाले काई समजणार नाई. तू खूश, मी खूश."

"मी खूश," देवाजी म्हणाला.

चंपतने फळीवरून एक जुना व्हॉल्वचा रेडिओ खाली घेतला. तो त्याच्या बापाचा होता, दुकानात बोहनीआधी त्याला उदबत्ती लागायची. देवाजीसमोर त्याने त्याची पाठ उघडली, आतली पाचशेची कळ कापून काढली आणि गिटारमध्ये बसवली. देवाजीने आभारही मानले नाहीत आणि शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर चंपतला बरं वाटलं असतं, असं तो नंतर शेजारच्या दुकानदाराला म्हणाला.

आता घोंगडी गेली होती आणि मिरची उघडी पडली होती. दुसऱ्या दिवशी तालमीत पहिला सूर निघाला आणि गाणारीने कानावर हात ठेवला. कळ मागे फिरवली की आवाज मरायचा, पुढे केली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघायचा. मधलं काही नव्हतं. जुन्या पिकअपवर ही कळ असती तर काय वाजलं असतं, हे त्या खोलीत फक्त देवाजीला आठवत होतं.

"मागच्या रांगेत आलं ऐकू," यशवंतराव म्हणाले. "पण मागची रांग उठून जाईन ना बाप्पा!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी निर्णय सांगितला. देवाजीला काढायचं नाही. पोस्टरवर त्याचा फोटो होता, लाल गिटार गळ्यात घेतलेला, आणि लोकांना तो बघायची सवय होती. "तू उभा राह्य. बोटं फिरव. आवाज अमृत काढंन. फक्त तुह्या वायरीचा जॅक अॅम्प्लिफायरच्या मशीनले लावू नको."

देवाजीने हो म्हटलं. सोजरने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "उभा नाई राह्यलो त बाजारात मी कोणता देवाजी?"

नोव्हेंबरात तो पुन्हा सिकंदराबादला गेला, या वेळी गिटार मांडीवर घेऊन. म्हाताऱ्याने कळ पाहिली, सगळं ऐकून घेतलं, आणि ड्रॉवर उघडून दाखवला. लुगड्याचा तुकडा होता. पिकअप आठवड्यापूर्वी कोणीतरी नेले होते, आणि देवाजीला दुसरे नको होते. "पता लिख के जाओ," तो म्हणाला.

चौदा महिने देवाजी बोटं फिरवत राहिला. लग्नं, गणपती, शाळांची संमेलनं. वायर गिटारमधून निघून मशीनच्या मागे जायची आणि तिथे जमिनीवर पडून राहायची. चंपतच्या दुकानासमोरून तो रोज जायचा. चंपत रोज मान खाली घालून काहीतरी खोलत असायचा. त्याच्या बापाचा रेडिओ फळीवर तसाच होता, मुका. उदबत्ती अजून लागत होती.

११ जानेवारी १९९४ ला पोस्टकार्ड आलं. सहा तारखेला लिहिलेलं. "आपके पुराने पिकअप वापस आए हैं. लेनेवाला शहर छोड़ रहा है. एक महीना रखता हूँ, फिर बेच दूँगा. गिटार साथ लाना." सोजरने ते भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलं. देवाजी ते रोज काढून वाचायचा आणि परत खोचायचा.

"जाता काऊन नाई?" तिने एकदा विचारलं.

"उजळून आणली, तरी लावू कुठं?" तो म्हणाला. "मशीनले जागा नाई."

शनिवारी, ५ फेब्रुवारीला, बाजारहत्नूरला कार्यक्रम झाला. देवाजी गिटार गळ्यात घालून शेवटपर्यंत उभा होता. रविवार, ६ फेब्रुवारी हा म्हाताऱ्याच्या महिन्याचा शेवटचा दिवस. हैदराबादची बस सकाळी सहाला सुटते. साडेपाचला सोजर उठली तेव्हा देवाजी घरात नव्हता आणि खुंटीवर गिटार नव्हती. पोस्टकार्ड कॅलेंडरमागेच होतं. सहाची बस गेल्यावर ती बाजारात भाजी लावायला गेली, तेव्हा चंपतच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत दिवा लागलेला होता. आतून गिटारची एक तार छेडल्याचा आवाज आला. आत कोण आहे हे तिने वाकून पाहिलं नाही.