आधी मागे यायचं

तबेल्यामागच्या शेडमधला तो निळा ट्रेलर सुनेला डोळ्यांसमोर नको असायचा. लाथाळ घोड्याला ती भ्यायची नाही, चावऱ्या शिंगराच्या तोंडात बेधडक हात घालायची, पण त्या ट्रेलरजवळून जाताना तिची पावलं आपोआप भरभर पडायची. गेल्या वर्षी थोरली घोडी त्याच्याच रॅम्पवर गेली होती. पोटात आतडं पिळलेलं, घोड्यांचा मोठा दवाखाना लांब, आणि घोडी काही केल्या चढेना. समोरून दोर ओढून झाला, मागून झाडू मारून झाले, डोळ्यांवर पोतं बांधून झालं. सासऱ्यांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी घोडी रॅम्पवर अर्धी चढली आणि बसली, ती उठलीच नाही. तिची लेक मिरी कुंपणापलीकडे उभी राहून हे सगळं बघत होती.

आणि आता मिरीच्याच पोटात दुखलं होतं. पांढरी, अंगभर काळे ठिपके, म्हणून मिरी.

"या वेळी सुईवर निभावलं," डॉक्टरीणबाई बादलीत हात धुता धुता म्हणाल्या. "पण पुन्हा होणार. तेव्हा ऑपरेशन लागलं, तर मी इथे काही करू शकणार नाही. दवाखान्यातच न्यावं लागेल. ट्रेलरमध्ये चढते का ती?"

सगळ्यांच्या नजरा शेडकडे वळल्या.

"मग शिकवा. आजपासूनच. दुखायला लागल्यावर शिकवणं म्हणजे वरातीमागून घोडं."

सासरे हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्यावर मांडीवर थाप मारून हसणारा माणूस. त्यांना सगळे नाना म्हणायचे. सारा जन्म घोड्यांत गेलेला, आणि आवाज असा की एक हाक मारली तर छपरावरची कबुतरं उडायची. घोडं माणसापेक्षा दांडगं, तेव्हा त्याच्याशी दांडगाईनेच बोलायचं, हे त्यांचं शास्त्र. चालताना त्यांच्या नालवाल्या बुटांचा खाडखाड आवाज आधी यायचा आणि मागून नाना.

"मी चढवतो तिला," ते म्हणाले. "दोन दोर काढ आणि लांब दांड्याचा झाडू घे."

"नको, नाना," सून म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून त्यांना नको म्हणायची ही पहिलीच वेळ. "मी शिकवते. तुम्ही फक्त जरा लांब राहा."

बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला माणूस जे करतो, तेच तिच्या नवऱ्याने केलं. पिकअपचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

सुनेने ट्रेलरला हातसुद्धा लावला नाही. मिरीच्या तोंडावर साधी दोरीची मोरकी चढवली आणि मोकळ्या अंगणात नेलं. पुढे चाल. थांब. मग छातीवर दोन बोटं टेकवून, हलक्या आवाजात, "मागे." मिरीने एक पाय मागे घेतला रे घेतला की दोर सैल आणि मानेवर हात. पुन्हा पुढे, पुन्हा थांब, पुन्हा मागे.

नाना बाकावर बसून बघत होते. "का गं," त्यांनी हाक दिली, "दवाखाना पुढे आहे की मागे?"

बॉनेटच्या आतून हसल्याचा आवाज आला. सुनेची कानशिलं तापली, पण ती थांबली नाही. तिचे वडील घोड्यांना शिकवून तयार करायचे. घोड्याला आत जायला शिकवायचं नसतं, बाहेर यायला शिकवायचं असतं, असं ते सांगायचे. बाहेर येता येतं हे कळलं की ते आत जायला भीत नाही. माहेरी हे ऐकताना सोपं वाटायचं. इथे, नानांच्या नजरेखाली, आणि पुढचं दुखणं कधी उठेल याचा नेम नसताना, तिला रात्री झोप लागत नव्हती.

मग जमिनीवर ताडपत्री आली. मिरीने आधी ती हुंगली, फुसफुसली, उडी मारून पलीकडे गेली, आणि हळूहळू तिच्यावर निमूट उभी राहायला लागली. मग एक जुनं लाकडी दार आडवं टाकलं, कारण खुराखाली पोकळ आवाज आला की तिच्या अंगावर काटा यायचा. मग दोन पिंपांमधली अरुंद वाट. प्रत्येक ठिकाणी तोच खेळ. एक पाय ठेव, मागे. दोन पाय ठेव, मागे. मिरीने घाबरून मागे सरायच्या आधी आपणच तिला मागे बोलवायचं, यातच सगळी मेख होती. त्यासाठी तिच्या कानांकडे, नाकपुड्यांकडे सारखं बघत राहावं लागायचं. संध्याकाळी सुनेचे डोळे शिवण करून उठल्यासारखे दुखायचे.

शेवटी ट्रेलर शेडमधून बाहेर निघाला, पिकअपला जोडला गेला, चाकांना दगड लागले. एक खूर रॅम्पवर. मागे. दोन खूर. मागे. आणि एका दुपारी मिरी सगळीच्या सगळी आत गेली. आत उभी राहिली, लांब श्वास सोडला आणि खालचा ओठ सैल केला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आता "मागे" म्हणायचं, एवढ्यात मागून खाडखाड बूट वाजले आणि धाडकन मिरीच्या मागे ट्रेलरचा आडवा दांडा लागला.

नानांच्या हातांनी आयुष्यभर तेच केलं होतं. घोडं आत गेलं की दांडा घालायचा, त्याने विचार बदलायच्या आत.

पुढचं सगळं इतकं झटकन झालं की सुनेला फक्त आवाज आठवत राहिला. मिरीचा मागचा भाग दांड्यावर आदळला, पत्रा दणाणला, दांड्याची खीळ निसटली, आणि घोडी मागच्या मागे रॅम्पवरून घसरत बाहेर पडली. दोर सुनेच्या तळव्यातून सालटं काढत गेला. मिरी अंगणाच्या टोकाला जाऊन थरथरत उभी राहिली. पाठीवरचे केस खरवडून निघाले होते.

"आत होती ना?" नाना ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग लावला दांडा! अजून किती दिवस नाचवणार आहेस तिला?"

"पी हळद आणि हो गोरी!" सून तितक्याच जोरात ओरडली. "थोरलीला असंच मारलंत. आता हिलाही मारा."

नाना वळले आणि घरात गेले. रात्री ते जेवायलाही उठले नाहीत. सुनेला वाईट वाटलं, फार वाटलं, पण माफी मागायला गेलं तर रडू कोसळेल, म्हणून ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मिरी साध्या ताडपत्रीवरही पाय ठेवेना. सुनेने पुन्हा अंगणातून सुरुवात केली. नाना आता बाकावर बसत नव्हते. त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि तबेला भलताच शांत झाला. मिरी हळूहळू पुन्हा रॅम्पपर्यंत आली, आत उभी राहू लागली, शब्द ऐकून शांतपणे मागे येऊ लागली. दांड्याला मात्र त्यानंतर कुणी हात लावला नाही. उद्या लावू, असं सून रोज म्हणायची आणि रोज तिचा धीर व्हायचा नाही.

असं करता करता एके सकाळी मिरीच्या पुढ्यातलं गवत तसंच्या तसं दिसलं. घोडी वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि पुढच्या पायाने जमीन उकरत होती. सुनेने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई आल्या. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून त्यांनी आत हात घातला, आणि त्यांचं तोंड बघूनच सगळ्यांना काय ते कळलं.

"आतडं जागचं सरकलंय. दुखणं दाबायची सुई दिली आहे. तिचा जोर आहे तोवर चढवा. जोर ओसरला की ती लोळायला लागेल, मग कुणाच्या बापाला चढवता यायची नाही."

नवऱ्याने पिकअप लावला आणि घाईघाईने रॅम्प खाली टाकला. मिरीच्या मानेवरून घाम ओघळत होता. सुनेच्या हाताला कापरं भरलं होतं आणि दोरातून ते थेट मिरीपर्यंत पोचत होतं. रॅम्पशी येताच मिरीने मान वर केली, डोळ्यांचं पांढरं दाखवलं आणि ती गुडघे दुमडायला लागली. इथे बसली तर संपलं. थोरली इथेच बसली होती.

सुनेने तिच्या छातीवर दोन बोटं टेकवली. "मागे."

"अगं, वेळ नाहीये!" नवरा कळवळून म्हणाला. "आणि तू मागे काय नेतेस?"

"तिला तेवढंच येतं," सून म्हणाली.

मिरी मागे आली. दोर सैल झाला. मग पुढे. एक खूर रॅम्पवर, मागे. दोन खूर, मागे. दोन शब्दांच्या मधे मिरीचं दुखणं उसळत होतं. पण मिरीचे कान आता तिच्याकडे होते. राहिला प्रश्न दांड्याचा. नवरा स्टिअरिंगवर हवा होता, डॉक्टरीणबाई दवाखान्याशी फोनवर बोलत होत्या. सुनेने मान वळवली.

नाना जमिनीवर बसून बूट काढत होते. एक काढला, दुसरा काढला, आणि नुसत्या मोज्यांवर उभे राहिले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. एरवी सगळं घर हसून लोळलं असतं. त्यांनी दांडा उचलला आणि कुठे आपटू नये म्हणून तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरला.

"तू सांगशील तेव्हा," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलता येतं त्यांना, हे तिला त्या दिवशी कळलं.

सून आत शिरली. तिच्यामागे मिरी आत आली. चारही खूर फळीवर. मिरी थांबली आणि तिचे कान हलके वळले. ती शब्दाची वाट बघत होती. रोज इथे तो शब्द यायचा. आज तो यायचा नव्हता, आणि आपण हिला फसवतोय, असं सुनेला वाटून गेलं. तिने मानेनेच खूण केली. दांडा सावकाश आडवा सरकला, खीळ आवाज न करता बसली. मिरी शहारली. तिचा मागचा भाग दांड्याला टेकला. सुनेने डोळे मिटून घेतले. पत्रा दणाणला नाही. मग तिने दोर बांधला आणि पुढच्या छोट्या दारातून बाहेर उतरली.

तिघं पिकअपमध्ये दाटीवाटीने बसले. नाना मधे, मोज्यांवर, कारण बूट अंगणातच राहिले होते. सुरुवातीला मागून खुरांचे ठोके येत होते. मग तेही थांबले.

"थांबा ना जरा," सून म्हणाली. "बघून येते."

"थांबून काय करणार?" नवऱ्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "पडली असेल, तर आपण तिघं उचलणार आहोत का तिला?"

ठोक्यांपेक्षा ही शांतता वाईट होती. प्रत्येक वळणावर सून कान लावत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"थोरलीपण अशीच गप्प झाली होती," नाना समोर बघत म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "एकदा तरी मागे येऊ द्यायला हवं होतं तिला."

सालटं निघालेला तळवा सुनेने त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत तिथेच राहू दिला.

दवाखान्याच्या अंगणात रॅम्प खाली आला. मिरी उभी होती. घामाने निथळलेली, पण उभी. सुनेने पुढून जाऊन दोर सोडला, मग मागचा दांडा निघाला. वाट मोकळी झाली. मिरी हलेना.

"ओढा मागे," रबरी बूट घातलेला तरुण डॉक्टर म्हणाला आणि शेपटीकडे हात घालायला पुढे झाला.

नाना मोज्यांवरच त्याच्या आडवे आले. "हात लावू नका. तिला सांगावं लागतं."

सुनेने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. घरापासून अडवून धरलेली सगळी भीती त्या एका शब्दाच्या वाटेत येऊन बसली होती. मिरीचे कान तसेच तिच्याकडे लागलेले. इतका सगळा रस्ता ती त्या शब्दासाठी थांबली होती.

"मागे," सून म्हणाली. आवाज कसला, नुसता श्वास.

मिरीने एक पाय मागे घेतला. मग दुसरा. रॅम्पवर खुरांनी चाचपत ती पाऊल पाऊल खाली आली. तरुण डॉक्टर मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. तो ट्रेलरच्या आत वाकून बघत होता.

"अहो, हिने लीद टाकलीय की!" तो ओरडला. आत खरोखरच ताज्या लिदीचा ढीग होता. त्याने मिरीच्या पोटाला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. "आत सगळं चालू झालंय. गाडीच्या हिसक्यांनी आतडं सरकलं असावं परत जागी. होतं असं कधीकधी. ठेवून घेतो, लक्ष ठेवतो. पण आज चिरफाड नको."

घरच्या लिदीवरून उठता बसता शिव्या देणारे नाना त्या ढिगाकडे बघून लहान मुलासारखे रडायला लागले. नवरा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि स्वतःही नाक ओढत राहिला.

मिरीला घरी न्यायच्या दिवशी सुनेला पुन्हा तीच धडकी भरली. चढवायची तर होतीच. ती मोरकी घालायला लागली. "आज नाही चढली तर?" ती पुटपुटली. नाना रॅम्पच्या कडेला बसले, आणि कुणी न सांगताच बुटांच्या नाड्या सोडायला लागले.