गोट्याची किडनी

माझ्या सासऱ्यांच्या पोटात डुकराची किडनी आहे. ती बसवायला मी हो म्हटलं, आणि त्याचा मला एका क्षणासाठीही पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करणार नाही.

सासऱ्यांचं नाव देवराव. इतवारीत धान्याचं दुकान, सक्करदऱ्याला घर, आणि घरात सोवळं असं की मांजरानेसुद्धा पाय धुऊन आत यावं. मी ऑफिसच्या डब्यात अंडं नेलं हे कळलं तेव्हा त्यांनी माझा तवा गच्चीवरून खाली फेकला होता. आवाज ऐकून शेजारच्या बायका जमल्या, तर कारणही वरून ओरडून सांगितलं. अशा माणसाच्या दोन्ही किडन्या गेल्या. सासूबाई नाहीत. माझा नवरा सौरव एकुलता एक, पण त्याला मधुमेह, त्यामुळे त्याची किडनी चालेना. माझी जुळली असती का, ते मी तपासलंच नाही.

धंतोलीच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या खेपा घालून सौरव अर्धा झाला होता. तिथल्याच एका मोठ्या डॉक्टरांनी त्याला प्रयोगाबद्दल सांगितलं. कन्हानच्या पुढे एका संशोधन केंद्रात खास डुकरं वाढवतात. त्यांचे काही जीन काढून टाकतात आणि माणसाचे काही घालतात, म्हणजे आपल्या शरीराला ती किडनी परकी वाटत नाही. पण हे माणसाचे जीन आपोआप चालू राहत नाहीत. त्यांना जागं ठेवायला एक पिवळं, कडूजहर औषध रोज लागतं. डुकराला ते जन्मापासून पाजतात, आणि किडनी ज्याच्या पोटात जाईल त्याने पुढे जन्मभर घ्यायचं. औषध थांबलं की जीन झोपले, आणि जीन झोपले की शरीर किडनीवर तुटून पडलं.

डॉक्टर बाहेरच्या राज्यातले, त्यांचं मराठी यथातथाच. रुग्णाला नीट समजावण्याचं काम त्यांनी मोठ्या विश्वासाने सौरववर टाकलं. सौरवने काय समजावलं? "बाबा, एक पोरगा ॲक्सिडेंटमध्ये गेला, त्याची किडनी भेटून राहिली." डॉक्टरांनी विचारलं, मान्य आहे ना? बाबांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. झाली संमती.

किडनी ऑपरेशनच्या टेबलावरच काम करू लागली. थोड्याच आठवड्यांत बाबा जिने चढायला लागले, आणि जिने चढायला लागले तसे माझ्यावर ओरडायलाही लागले. सौरव खूश होता. बाप ओरडतोय म्हणजे बाप जिवंत आहे, असा त्याचा हिशेब.

मग पितृपक्ष जवळ आला, आणि बाबांच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

"त्या पोराचं नाव-गोत्र पाहिजे मले," ते म्हणाले. "माह्या बापाच्या बरोबरीनं त्याले पाणी देईन. अन् त्याच्या मायले साडीचोळी करीन."

"नाव सांगत नाहीत बाबा. कायदा आहे," सौरव म्हणाला.

"काहून नाही सांगत? मेलेल्याचं नाव लपवून काय करून राहिले ते? त्या माउलीले घरी आण. ती येईपर्यंत मी औषध घेत नाही."

आणि खरंच त्यांनी औषधाचं झाकण लावून बाटली परत केली. सौरवचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला रंभाबाई आठवली.

ऑपरेशनच्या आधी त्या केंद्रात मला आणि सौरवला डुक्कर दाखवलं होतं. पांढरंशुभ्र, पंख्याखाली लादीवर पसरलेलं. शेजारी एक बाई बसून त्याचं पोट खाजवत होती. ती रंभाबाई. तिने त्याला पहिल्या दिवसापासून बाटलीने दूध पाजलं होतं, आणि केंद्राने दिलेला नंबर सोडून त्याचं नाव गोट्या ठेवलं होतं. त्याला न्यायला आले तेव्हा ती गाडीमागे धावली होती म्हणे. मला वाटलं, हिला रडायला शिकवावं लागणार नाही.

बाकीचं मी शिकवलं. मुलाचं नाव वैभव, कामठी रोडवर बाईक घसरली, गोत्र काश्यप. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याच्या कुशीले हात लावू देतीन का मले?"

रंभाबाई आली. बाबांनी सोवळं नेसलं होतं. तिला पाटावर बसवलं, हातात साडी आणि नारळ दिला, आणि माझ्या देखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तवा फेकणारा माणूस डुकरं राखणाऱ्या बाईच्या पायांवर होता. रंभाबाईने त्यांच्या उजव्या कुशीवर, टाक्यांच्या व्रणावर तळहात ठेवला आणि काढेचना.

"गरम हाये," ती म्हणाली. तिचे गाल भिजले. बाबाही रडायला लागले.

इथेच थांबलं असतं तर निभावलं होतं. पण बाबांनी डोळे पुसत विचारलं, "माय, त्याले अग्नी कुठं देल्ला? अस्थी कोणत्या नदीत सोडल्या? मी तिथंच जाऊन पाणी देतो."

हे मी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात मेलेल्याची एवढी चौकशी होणार हे मला, या घरात इतकी वर्षं काढून, सुचायला हवं होतं. रंभाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"अग्नी कायचा जी? कापून कापून बरण्यांत भरला त्याले. म्या म्हटलं, एक कान तं द्या, पुरीन मी. तो बी नाही देल्ला."

"कान?" बाबा म्हणाले.

"गोट्याचा. बिल्ला व्हता ना त्याच्या कानात."

बाबा हळूच माझ्याकडे वळले. "मयुरा, माणसाचं पोर व्हतं ना वं ते?"

 उत्तर रंभाबाईने दिलं. "डुकराचं व्हतं जी. पण माणसापरीस गुणी."

बाबा न्हाणीघरात गेले. बादलीमागून बादली ओतल्याचा आवाज येत राहिला. सौरवने दार ढकललं तेव्हा ते पाय घासायच्या दगडाने कूस घासत होते आणि व्रणातून रक्त येत होतं.

"काढ हे," ते म्हणाले.

"काढली तर पुन्हा डायलिसिस, बाबा. या वेळी टिकणार नाही तुम्ही."

"नाही टिकलो तं नाही. मले माणूस म्हणून मरू दे."

औषधाची बाटली त्यांनी मोरीत रिकामी केली. दुसरी आणली, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. वरणात घालू म्हटलं, तर त्यांनी जेवण सोडलं आणि नळाचं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन पिऊ लागले. हॉस्पिटलमध्ये सांगायची सोय नव्हती. बापाची संमती खोटी होती हे बाहेर आलं असतं तर सौरव तुरुंगात गेला असता. हळूहळू बाबांची लघवी कमी झाली, घोट्यांवर सूज चढली. सौरव भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मी रंभाबाईला फोन लावला.

ती आली ती बांबूची नळी घेऊन. एक टोक तिरपं तासलेलं, गुळगुळीत झालेलं.

"गोट्या बी लहानपणी थुकत व्हता," ती म्हणाली.

"असं कसं करायचं?" सौरव किंचाळला. "बाप आहे तो माझा!"

रंभाबाई त्याच्याकडे पाहतही नव्हती. "तुमचा बाप जगो का मरो, मले काय त्याचं? माह्या गोट्याचं येवढंच उरलं हाये. ते मी मरू देत नाही. धरा हात."

सौरवने हात धरले. मी बाबांच्या गुडघ्यांवर बसले. रंभाबाईने जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा दाबून तोंड उघडलं, नळी गालात सारली, औषध ओतलं, तोंड मिटून धरलं आणि गिळेपर्यंत गळा चोळत राहिली.  बाबा पूर्ण वेळ सौरवकडे बघत होते. नंतर सौरव बाहेर जाऊन ओकला, आणि बाबांच्या हनुवटीवरचं पिवळं औषध मी पुसलं.

किडनी सावरली. धंतोलीला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून टाळी वाजवली आणि विचारलं, काकांना कसं वाटतंय? बाबा गप्प बसले. सौरवने भाषांतर केलं, "छान वाटतं म्हणतात."

पितृपक्ष आला आणि गेला. बाबांनी कोणालाच पाणी दिलं नाही. देवघरात ते जात नाहीत, मी कढईत काय तळते हे विचारत नाहीत. बोलत तर नाहीतच.

रंभाबाई रोज सकाळी येते. आता सौरवला हात धरावे लागत नाहीत. तिची पावलं जिन्यात वाजली की बाबा आपण होऊन पाटावर येऊन बसतात, मान वर करतात आणि तोंड उघडतात. औषध उतरलं की ती त्यांच्या उजव्या कुशीवर हात ठेवते आणि "शहाणं माहं लेकरू," म्हणत थोपटत राहते. ती हे आपल्याला म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी तिचं थोपटून होईपर्यंत ते हलत नाहीत.