काळ्या तळाचा हौद

मित्रांनो, मी एक जुना पोहण्याचा हौद आहे. वयानं म्हणाल तर मला अजून अकरावं वर्षही लागलेलं नाही. पण त्यातली नऊ वर्षं मी कोरडा पडून होतो, आणि रिकामं बसलेल्याचं वय दुपटीनं वाढतं. जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाशेजारी माझी जागा आहे. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. तरीही सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे मालक गुरुराज. मार्केट यार्डात त्यांची कडधान्याची आडत आहे. घरात त्यांची आई सावित्रम्मा, पत्नी महेश्वरी, मुलगी भुवनेश्वरी आणि धाकटा बसू. मला बांधलं तेव्हा भुवनेश्वरी अकरा वर्षांची होती आणि बसू सहा. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं कुणी पोहायचा हौद बांधायला काढला म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. पण हौसेला मोल नसतं. बोअरला पाणी चांगलं लागलं होतं आणि पोरं उन्हाळ्यात हैराण होत होती.

खोदाई झाली, भिंती उभ्या राहिल्या. मग प्रश्न आला, आतून मला काय लावायचं? ठेकेदारानं तीन नमुने आणून ओसरीवरच्या टेबलावर ठेवले. एक पांढरा गिलावा, एक आकाशी टाइल, आणि एक काळ्या बारीक गोट्यांचा थर. सावित्रम्मांनी पांढऱ्यावर बोट ठेवलं. "काळं नको रे बाबा. तळ दिसत न्हाय त्या पाण्याचं मला भ्या वाटतंय."

"अव्वा, तुला काय कळतंय त्यातलं?" गुरुराज आईला हसून म्हणाले. "पुण्याच्या हॉटेलात बघितलाय मी. काळ्यात सगळं आभाळ उतरतंय बघ पाण्यात."

आणि खरंच उतरलं. मी भरलो तेव्हा कडुनिंब, ढग, गच्चीचा कठडा, सगळं माझ्यात उलटं दिसू लागलं. पाहुणे यायचे आणि आरशासारखा आहे म्हणायचे. मी फुलून जायचो. गर्वाचं घर खाली, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बसू कंबरेला रबरी ट्यूब बांधून माझ्यात डुंबला. त्याच्या पायाच्या लाथा मला अजून आठवतात. त्या मऊ होत्या आणि फार घाईच्या होत्या.

थंडी आली तसं पोहणं थांबलं. आता मला रिकामं करायला हवं होतं. पण मित्रांनो, सोलापुरात पाणी सोडून देणं कुणाच्या हातून होत नाही. इथं भाजी धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जातं. "असू दे, झाडांना होतंय," असं सगळेच म्हणाले आणि मी भरलेलाच राहिलो. पंप बंद होता. पाणी हिरवट झालं, काठावर शेवाळ धरलं. कुणाचं चुकलं म्हणून बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं. पाणी वाचवायची सवय चांगलीच असते.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी भावंडं लपाछपी खेळत होती. डाव भुवनेश्वरीवर होता. बसू पंपाच्या खोलीमागं लपायला माझ्या काठावरून पळत आला आणि शेवाळावरून त्याचा पाय घसरला. फार आवाज झाला नाही. तो माझ्या खोल बाजूला तळाशी गेला. त्याच्या अंगात गडद निळ्या रंगाचा स्वेटर होता.

मी त्याला वर ढकलू शकलो नाही. हे मी तुम्हाला सरळ सांगतो, कारण याहून मोठं दुःख माझ्याजवळ नाही.

जरा वेळानं भुवनेश्वरी आली. ती माझ्या काठावर अगदी टोकाला वाकून उभी राहिली. तिनं घाईनं नजर फिरवली नाही. तिनं नीट बघितलं, डावीकडून उजवीकडं, मग पुन्हा एकदा. तिला काय दिसलं ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच तिला दाखवलं. तिला आभाळ दिसलं, कडुनिंब दिसला आणि तिचा स्वतःचा चेहरा दिसला.

"हौदात न्हाय!" ती ओरडून म्हणाली.

मग सगळं घर रस्त्यावर धावलं. कुणी देवळात गेलं, कुणी शेजारच्या बांधकामावर, कुणी थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तुम्ही शाळेत हसत हसत वाक्यात वापरता. मला ती ऐकवत नाही. पाऊण तासानं सावित्रम्मांनी हट्टानं माझ्यात बांबू घालून बघायला लावलं. तेव्हा बसू सापडला. तेव्हा फार उशीर झाला होता.

भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं. त्यातली एक नात्यातली बाई माझ्याजवळच उभी राहून म्हणाली, "पोरीनं जरा नीट बघितलं असतं तर..." भुवनेश्वरी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं. गुरुराजही तिथंच होते. त्यांनीही ते ऐकलं आणि मान खाली घातली.

त्याच आठवड्यात मला उपसून कोरडं केलं. महेश्वरीनं माझ्या बाजूची स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. कडुनिंबाचा पाला माझ्यात साठत गेला. रिकाम्या हौदाला आवाज फार येतात. वारा शिरला की माझ्या भिंती घुमत, आणि मला प्रत्येक वेळी तेच दोन शब्द ऐकू येत, हौदात न्हाय, हौदात न्हाय. भरदुपारी, उन्हात, पाखरं ओरडत असतानासुद्धा येत.

ते शब्द एकट्या मलाच छळत नव्हते. भुवनेश्वरी माझ्याकडं कधीच फिरकली नाही, पण ओसरीवरची बोलणी माझ्यापर्यंत पोहोचत. ती घर बंद करताना कुलूप तीनदा ओढून बघे. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघे. तिनं चार वेळा डोळे तपासून घेतले. डॉक्टर दर वेळी सांगत, डोळ्यांना काही झालेलं नाही. तिचा विश्वास बसत नसे. स्कूटर चालवायला ती तयार होईना. आत्याचं तान्हं बाळ कुणी तिच्या मांडीवर द्यायला गेलं की ती मागं सरकायची. "माझ्याकडं देऊ नका. मला नीट दिसत न्हाय," म्हणायची. वीस वर्षांच्या धडधाकट मुलीच्या तोंडी ते ऐकून मला पाझर फुटला असता, तर मी पुन्हा भरून गेलो असतो.

यंदा सावित्रम्मांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं. "हौद दुरुस्त करून घे," त्या गुरुराजांना म्हणाल्या. "त्याच्याकडं किती वर्षं पाठ करून बसणार?"

मंगळवेढ्याचे बिभीषण मिस्त्री आले. हा माणूस मला आवडला. तो माझ्या भेगांवरून हात फिरवत गेला, आणि माझ्या काळ्या अंगावर बोअरच्या क्षारांचे पांढरे वळ उठले होते ते त्यानं खरवडून बघितले. मग कुठं गळतंय ते कळावं म्हणून त्यानं मला काठोकाठ भरलं आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ ओढली. नऊ वर्षांनी माझ्यात पाणी आलं. सावित्रम्मांनी हळदकुंकू वाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बिभीषणची एक शिस्त होती. "टेबलावर कोरडा तुकडा बघून रंग ठरवायचा न्हाय, अण्णा. पाण्याखाली ठेवून, वरनं उभं राहून बघायचं." त्यानं दोन मोठे नमुने, एक पांढऱ्या गिलाव्याचा आणि एक आकाशी टाइलचा, दोरीनं माझ्या खोल बाजूला सोडले. तिसरा नमुना म्हणजे माझा जुना तळच.

गुरुराजांनी बघितलंच नाही. "काळाच असू दे," ते म्हणाले. "हाय तसाच नीट करा. रंग बदलायचं काय कारण न्हाय."

बिभीषण दोरी गुंडाळून मागं वळला आणि थबकला. "माझं घमेलं कुटं गेलं? आत्ता हितं ठेवलं व्हतं की." नमुना सोडताना दोरीच्या फासानं त्याचं लोखंडी घमेलं माझ्यात ओढलं गेलं होतं. नमुन्याच्या आवाजात त्याचा आवाज विरून गेला होता. बिभीषणनं वाकून पाण्यात बघितलं. गुरुराजांनीही बघितलं. दोघांनाही काही दिसलं नाही.

भुवनेश्वरी सावित्रम्मांना धरून ओसरीवर उभी होती. बिभीषणला आमची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यानं सहज हाक मारली. "ताई, तुमची नजर तरणी हाय. जरा येऊन बघा की."

गुरुराज पंपाच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले. भुवनेश्वरी आली. एकेक पाऊल टाकत, माझ्या काठापर्यंत. ती वाकली. तिनं डावीकडून उजवीकडं बघितलं, मग पुन्हा एकदा.

"हौदात न्हाय," ती म्हणाली. आणि स्वतःचाच आवाज ऐकून पांढरीफटक पडली.

बिभीषणनं बांबू आत घातला आणि चाचपत आणला. थेट तिच्या पायांखाली खण्ण वाजलं. "हितंच हाय की!" तो म्हणाला. "काळ्यावर काळं, आनि वरनं आभाळ. कुनाला दिसनार? डोळ्याचा काय दोष न्हाय, ताई." त्यानं बांबूनं ते घमेलं ढकलत पांढऱ्या नमुन्यावर नेलं. तिथं ते लख्ख दिसलं. त्याची कडी दिसली, काठाचा पोचाही दिसला.

भुवनेश्वरी बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली. "अज्जी," ती म्हणाली, "मी नीट बघितलं होतं गं. मी दोनदा बघितलं होतं."

"व्हय बाळ. बघितलं होतंस." सावित्रम्मा लंगडत आल्या आणि त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

गुरुराज पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. ते कुणाकडंही न बघता बोलले. "त्या दिवशी अव्वानं बांबू घालायला लावला, त्याच्या आधी मीबी हितं येऊन बघून गेलो होतो. मलाबी दिसला न्हवता बसू. रंग मी निवडला होता, भुवी. मला ठाव होतं."

"कधीपासून ठाव होतं, अप्पा?"

"त्याच दिवसापासून."

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "नऊ वर्षं." गुरुराजांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बिभीषण बिचारा बांबूनं वर काढलेलं घमेलं हातात धरून उभा होता. त्याला कुठं बघावं ते कळेना.

आता मी पांढरा आहे. माझा तळ गच्चीवरूनही दिसतो. सावित्रम्मा सकाळी कडेच्या पाइपला धरून माझ्यात चालतात आणि भुवनेश्वरी काठावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवते. मागच्या आठवड्यात आत्याचं बाळ तिच्या मांडीवर होतं. बापलेकीचं बोलणं अजून कामापुरतंच आहे. ते कधी सुधारेल ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, पाण्याच्या कुठल्याही जागेचा तळ उघडा ठेवा, तिला झाकण किंवा कठडा ठेवा, आणि लहान मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पाण्यात शोधा, नुसतं बघू नका. एवढं माझं मागणं आहे. आणि दुसरं असं, की एखाद्या पोरीच्या माथी दोष बसलेला असेल आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी सांगा. त्या दुपारी तिनं नीट बघितलं होतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, गुरुराजांना आणि मला. मला तोंड नव्हतं. त्यांना होतं.